गप्प बसलेलं मूल ऐकत असतं

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, पहिली घटक चाचणी झाली आणि टपाल वाढलं. दर ऑगस्टला हे होतंच. यंदाच्या गठ्ठ्यातली बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गावाहून किंवा दुसऱ्या राज्यातून मुंबईत आलेलं मूल, नवा वर्ग आणि पुढ्यात इंग्रजी. मी ३१ वर्षं कुर्ल्यात महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. त्याच्या कितीतरी आधी मी स्वतः सातवीत असताना देवरुखजवळच्या गावातून लालबागच्या चाळीत आले होते. नव्या वर्गात पोटात पडणारा खड्डा मला अजून आठवतो, म्हणून ही पत्रं मी दोन-दोनदा वाचते. त्यातली चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही मे महिन्यात केज तालुक्यातून भांडुपला आलो. मिस्टर एका सोसायटीत वॉचमन आहेत. मुलगा सहावीत. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तो पहिल्या तिनात असायचा. इथे सेमी इंग्रजीत घातला. आता शाळेत तोंडातून शब्द काढत नाही. चाचणीत गणितात २० पैकी ४ मिळाले. वर्गातल्या बाई म्हणतात, याला काहीच येत नाही, पाचवीत बसवा. माझ्या जाऊबाई सांगतात, घरात इंग्रजीतच बोला. आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही. मिस्टर आता त्याला गावी आजीकडे परत पाठवायचं म्हणतात. काय करू?
— एक आई, भांडुप

उत्तर : ताई, त्याला परत पाठवू नका, आणि पाचवीतही बसवू देऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला शाळेने वेगळं शिकवायचं, अशी त्यात सोय आहे. बाईंशी भांडू नका. शांतपणे एवढंच म्हणा, "बाई, तो सहावीतच बसेल. त्याला कुठे अडतं ते मला सांगा, घरी करून घेते."

आता त्या ४ मार्कांकडे वळू. आज रात्री त्याला मराठीतून एक गणित घाला. "बारा आंबे होते, पाच दिले, किती उरले?" पाठोपाठ अपूर्णांकाचं एक आणि नफा-तोट्याचं एक. तो सोडवील. गावात पहिल्या तिनात येणारा मुलगा मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे आला म्हणून बेरीज विसरत नाही. त्याला गणित येतं. ज्या भाषेत ते विचारलंय, ती येत नाही. आणि सगळी भाषाही आडवी येत नाही, मोजके शब्द येतात. एकदा मी फळ्यावर लिहिलं होतं, "देअर वेअर एट मँगोज. रवी एट फाइव्ह. हाऊ मेनी आर लेफ्ट?" एका मुलाने वहीत आठ आंबे काढले आणि डावीकडच्या तिघांभोवती गोल केला. लेफ्ट म्हणजे डावा, हे तो गावाहून शिकून आला होता. उत्तर तीन, तेही बरोबर! पुढच्या गणितात आंबे विसाच्या वर गेले तेव्हा मला कळलं की तो दर वेळी डावीकडचेच मोजतोय. असले शब्द तीस-चाळीस असतात. लेफ्ट म्हणजे उरले, इच म्हणजे प्रत्येकी, डिफरन्स म्हणजे फरक, टेबल म्हणजे पाढाही आणि तक्ताही. लसावि म्हणजे एलसीएम, मसावि म्हणजे एचसीएफ. रोज दोन शब्द घेतलेत तर दिवाळीच्या सुट्टीआधी यादी संपते.

हे तुम्हाला इंग्रजी न येता करता येतं. बालभारतीचं गणिताचं पुस्तक मराठीतही निघतं आणि इंग्रजीतही. धडे तेच, उदाहरणं तीच. इंग्रजी पुस्तक त्याच्याकडे आहेच. मराठी पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळेल, नाहीतर बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट मोबाइलवर उतरवून घ्या. दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसा. मराठीतला सरावसंच म्हणजे इंग्रजीतलं प्रॅक्टिस सेट. आधी मराठीत वाचू दे, मग तेच वाक्य इंग्रजीत शोधू दे. शोधताना त्याचं बोट ज्या शब्दापाशी अडेल, तो शब्द वहीत जाईल. विज्ञानाचंही असंच करा. बाष्पीभवन म्हणजे काय हे ज्याला पक्कं कळलंय, त्याला इव्हॅपोरेशन हे फक्त एक नवं नाव शिकायचं असतं. ज्याला बाष्पीभवनच कळलं नाही, त्याला दोन ओझी एकदम उचलावी लागतात.

म्हणूनच जाऊबाईंचं ऐकू नका. तुम्ही त्याच्याशी मराठीतच बोला आणि भरपूर बोला. आज शाळेत काय झालं, ते कसं झालं, का झालं, हे विचारा. आईने स्वतःला न येणाऱ्या भाषेत बोलायला घेतलं की घरातलं बोलणं "सीट डाऊन" आणि "ईट फास्ट" एवढ्यावर येतं. ज्या घरात मूल मोकळेपणी तक्रार करू शकतं, त्या घरातली भाषा बंद करणं मला फार क्रूर वाटतं.

आता त्याच्या गप्प राहण्याबद्दल. याची तुम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे आणि मला सर्वांत कमी. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने बोलत नाहीत. अमेरिकेतले भाषेचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी या काळाला मौनाचा काळ म्हटलं आहे. मूल तेव्हा रिकामं बसलेलं नसतं, साठवत असतं. बाईंना विचारा, "ओपन युवर बुक्स" म्हटल्यावर तो शेजाऱ्याकडे बघून पुस्तक उघडतो की आपणहून? आपणहून उघडत असेल तर काम चालू आहे.

कुर्ल्याच्या माझ्या वर्गात जालन्याकडून आलेला एक मुलगा होता. पाचवीत होता. तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासूनच सुरू व्हायचं, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. हा पोरगा तीन महिने खिडकीशी बसून होता. हजेरीलाही नुसता हात वर करायचा. एके दिवशी पंखा बंद पडला. शिपाईदादा स्टुलावर चढून रेग्युलेटर फिरवत होते आणि मागून आवाज आला, "बाई, फ्यूज उडालाय." सगळा वर्ग वळून बघायला लागला. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, आमच्या विहिरीवर रोज उडतो. मी खडू घेतला आणि म्हटलं, विहिरीवर आणखी काय काय असतं, सांग. तो सांगत गेला आणि मी इंग्रजी अक्षरांत लिहीत गेले. फ्यूज, वायर, मोटर, स्टार्टर, पाइप, व्हॉल्व्ह, फेज, डीपी, पंप, मीटर, बोअर. अकरा शब्द. मी म्हटलं, बाळा, हे सगळं इंग्रजी आहे, तुला येतंय. तो फळ्याकडे नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर त्याने आणखी शब्द आणले होते. डिझेल, इंजिन, ट्रॉली, नोझल. स्पेलिंग सगळी चुकलेली. मी एकाही शब्दावर लाल पेन चालवलं नाही.

तुमच्या मुलाकडेही असे पन्नास शब्द असणार. ते त्याच्या वहीत यायला हवेत.

शिवाय त्याला चार वाक्यं पाठ करून द्या, अर्थासकट. "आय डोन्ट अंडरस्टँड." "प्लीज से इट अगेन." "व्हॉट इज धिस कॉल्ड इन इंग्लिश?" आणि "मे आय गो टू द टॉयलेट?" चौथं वाक्य मी उगाच घातलेलं नाही. एका वर्षी माझ्या तासाला इंग्रजीतच विचारायचं असा मी नियम केला होता. नव्या आलेल्या एका मुलीला ते वाक्य येत नव्हतं. ती मधल्या सुट्टीपर्यंत तशीच बसून राहिली, मग रडायला लागली. वाक्य न शिकवता नियम मी केला होता. चूक माझी होती. त्यानंतर दर जूनला पहिल्या तासाला, कविता आणि एबीसीडीच्याही आधी, मी हे वाक्य शिकवलं आणि मराठीत विचारलं तरी चालेल हेही सांगितलं.

रविवारी मिस्टरांना सुट्टी मिळाली तर बापलेकांनी धिम्या गाडीने दादरला जावं. भांडुपहून दादर आठवं स्टेशन. गाडीत दर स्टेशनाआधी तीच घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन भाषांत होते. पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन. आठ वेळा तेच वाक्य, फक्त नाव बदलतं. इतका धीराचा शिक्षक कुठे मिळणार? फलाटावरची पाटी दोन्ही लिप्यांत असते, तीही वाचू दे. शीवला सायन का म्हणतात हे तो विचारेल. विचारू दे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, म्हणजे मिस्टर सहामाहीनंतर पुन्हा गावाचा विषय काढणार नाहीत. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलंय की परक्या भाषेत रोजचं बोलणं मुलाला साधारण दोन वर्षांत जमतं, पण पुस्तकाची, विषयांची भाषा वर्गातल्या इतरांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. तीही सगळीकडे इंग्रजीच कानावर पडणाऱ्या मुलांची गोष्ट. आपल्याला दोन महिने झालेत.

प्रश्न : मी विक्रोळीतल्या एका अनुदानित शाळेत सातवीला शिकवतो. नोकरीचं दुसरं वर्ष. वर्गात ४८ मुलं. यंदा तीन नवीन आलीत. एक परभणीचा, एक घरी भोजपुरी बोलणारा, एक तेलुगू बोलणारी मुलगी, तिला मराठीही कमी कळतं. तिघांना इंग्रजी जवळजवळ शून्य. पोर्शन संपवायचं दडपण आहे. यांच्यासाठी वेगळा तास मिळणार नाही. सुरुवात कुठून करू?
— एक शिक्षक, विक्रोळी

उत्तर : सर, वेगळा तास मिळणार नाही हे गृहीत धरूनच सांगते. रोज पहिली दहा मिनिटं घ्या आणि ती सगळ्या ४८ जणांना द्या. तिघांना वेगळं काढून शिकवलंत की त्यांच्यावर शिक्का बसतो.

सुरुवात अंगापासून करा. "स्टँड अप. टच द डोअर. गिव्ह युवर पेन्सिल टू सनी. पुट द बुक अंडर द बेंच." तुम्ही म्हणायचं आणि स्वतः करायचं, मग मुलांनी फक्त करायचं. त्यांनी बोलायची गरज नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात ही रीत मांडली. तिच्यात न बोलणारं मूलही पहिल्या दिवसापासून बरोबर ठरतं, म्हणून मला ती फार आवडते. तुमच्या तेलुगू मुलीला मराठी-हिंदी काहीच लागणार नाही. या दहा मिनिटांत ती इतरांइतकीच हुशार असेल आणि ते वर्गाला दिसेल.

अक्षरांच्या बाबतीत आपण देवनागरीवाले एक गोष्ट विसरतो. आपल्याकडे क म्हणजे क. अक्षराचं नाव तोच त्याचा उच्चार. इंग्रजीत तसं नाही. एच या नावात ह कुठेच ऐकू येत नाही, डब्ल्यू या नावात व नाही. त्यामुळे झेडपर्यंत तोंडपाठ असलेल्या मुलालाही साधा तीन अक्षरी शब्द वाचता येत नाही. नावं बाजूला ठेवा आणि आवाज द्या. आधी एस, ए, टी, पी, आय, एन ही सहाच अक्षरं घ्या. त्यातून सॅट, टॅप, पिन, टिन, पॅन, नॅप, टिप होतात. पहिल्याच आठवड्यात मूल स्वतः वाचतं. ॲ हा आवाज बॅट आणि बँकेमुळे मुलांच्या तोंडी असतोच. आपल्या मुलांना आणखी एक आयतं मिळालेलं आहे. जीभ मधला ज आणि जाड मधला ज वेगळे आहेत हे मराठी कानाला न शिकवता कळतं. झेडचा आवाज या दुसऱ्या ज च्या जवळचा, तिथून सुरुवात करा. व्ही आणि डब्ल्यू मात्र आपण एकाच व ने भागवतो. त्याला वेळ द्या. पहिल्या वर्षी त्यासाठी अडवू नका.

वाक्यरचनेसाठी पोरांनाच उभं करा. तिघांच्या हातात "मी", "आंबा", "खातो" अशा पुठ्ठ्याच्या पाट्या द्या. मग सांगा, इंग्रजीत खातो मध्ये येतो. मधला आणि शेवटचा जागा बदलतात. आय, ईट, मँगो. क्रियापद शेवटी ठेवायची आपली सवय फळ्यावर दहा नियम लिहून जात नाही, पायांनी जागा बदलली की लक्षात राहते. इंग्रजीत नामाआधी येणारे "अ" आणि "द" हे छोटे शब्द आपल्या भाषेत नाहीतच. ते राहिले तर सध्या राहू द्या.

चुकांबद्दल. मूल म्हणालं, "सर, ही गो होम," तर थांबवून दुरुस्त करू नका. "येस, ही वेंट होम," असं म्हणून पुढे जा. बरोबर रूप कानावर पडलं, अपमान झाला नाही. भोजपुरी मुलगा "इस्कूल" म्हणाला आणि वर्ग हसला, तर तिथे मात्र कडक व्हा. मी या बाबतीत कधीच सूट दिली नाही.

विज्ञानाच्या वहीत तिघांना पहिलं सत्र उत्तरं मराठीत, हिंदीत, आकृती काढून, जशी जमतील तशी लिहू द्या. तेलुगू तुम्हाला वाचता येणार नाही. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, तेलुगू त्यातलं एक. जवळपास अशी शाळा असेल तर तिथल्या शिक्षकांना भेटा. तुमच्याच शाळेत नववी-दहावीत तेलुगू बोलणारी एखादी ताई सापडली तर फार उत्तम. आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीत बसली तरी त्या मुलीचं जग बदलेल. चाचणीत प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा. पोर्शन पाच दिवस उशिरा संपला तरी चालतो, सर. तुम्ही दुसऱ्याच वर्षी हा प्रश्न विचारलात. मला तो विचारायला आठ वर्षं लागली होती.

प्रश्न : पुतण्या नऊ वर्षांचा, सोलापूरहून धारावीत आमच्याकडे राहायला आला. जुन्या शाळेचा दाखला अजून आलेला नाही. इथल्या शाळेत सांगतात, दाखला आणा, मग बघू. महिना गेला.
— एक काका, धारावी

उत्तर : दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम तसं स्पष्ट सांगतं, आणि जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा हेही त्यातच आहे. जन्माचा दाखला नसला तरी अडवता येत नाही. लेखी अर्ज द्या, त्यात कलम लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या वॉर्डातल्या कार्यालयात द्या. उद्याच जा. नऊ वर्षांचं पोर महिनाभर घरी बसलंय.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. नांदेडहून आले. आता मानखुर्दला राहते. इंग्रजीच्या तासाला धडा मोठ्याने वाचताना मी एका शब्दाला "क्नाइफ" म्हटलं. तेव्हापासून मुलं मला त्याच नावाने हाक मारतात. आता माझा नंबर यायच्या आधी मी पाणी प्यायला जाते. मला खरं तर नर्स व्हायचंय. इंग्रजी नाही आलं तर होता येणार नाही ना?
— एक विद्यार्थिनी, मानखुर्द

उत्तर : पोरी, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आधी त्या शब्दाचं सांगते. तू तो लिहिलाय तसा वाचलास, आणि कोणे एके काळी इंग्रज लोकही त्यातला पहिला के उच्चारायचे. काही शतकांपूर्वी त्यांनी उच्चार सोडला, स्पेलिंग तेच ठेवलं. नाइफ, नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे माहीत असणं, नॉक, या सगळ्यांच्या सुरुवातीला तो मुका के आहे. तू अक्षर बघून वाचलंस याचा अर्थ तुला वाचता येतं. पुढच्या वेळी कुणी त्या नावाने हाक मारली तर ही गोष्ट त्याला सांग. तरी थांबले नाहीत तर वर्गशिक्षिकेला सांग. ते चहाडी करणं नव्हे.

पाणी प्यायला जाणं बंद करायचं, पण एकदम नाही. बाईंना तासाआधी भेट आणि म्हण, उद्या मला चार ओळींचाच परिच्छेद द्या, कुठला ते आज सांगा. चांगल्या बाई नाही म्हणणार नाहीत. तो परिच्छेद रात्री दहा वेळा वाच, पहिल्या तीन वेळा हळू, नंतर भांडी घासताना पाठ म्हणावं तसा. अडणाऱ्या शब्दावर पेन्सिलने मराठीत उच्चार लिही. मोठी माणसं याला नावं ठेवतात, पण सुरुवातीच्या महिन्यात मी मुलांना लिहू द्यायची. शब्द जमला की ते खोडायचं, एवढीच अट. शेजारची मैत्रीण बरोबर वाचायला तयार असेल तर पहिल्यांदा दोघी मिळून वाचा. दोन आवाजांत एकटीची भीती कमी होते.

नर्स होण्याबद्दल. दहावीला इंग्रजीचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी. तुझ्याकडे दोन वर्षांहून जास्त वेळ आहे. आणि नर्सचं इंग्रजी तू आजच सुरू करू शकतेस. घरात औषधाची पट्टी किंवा बाटली असेल, तिच्यावरची अक्षरं वाच. टॅबलेट, सिरप, डोस, एक्सपायरी. आईला ताप आला तर वहीत तारीख, वेळ आणि टेंपरेचर लिही. वॉर्डात नर्सताई हेच लिहीत असतात. त्या वॉर्डात तुझ्या नांदेडहून आलेली एखादी आजी असेल, तिला कुठे दुखतंय ते तिच्या बोलीत सांगता येईल आणि ते तुला कळेल. तेव्हा तुझी मराठी आणि तुझं इंग्रजी दोन्ही लागतील.

मला पुन्हा लिही. त्या पत्राची शेवटची ओळ इंग्रजीत असू दे. एकच ओळ, स्वतःची, कुणाला न विचारता लिहिलेली.